सोलापूरच्या पूर्व भागातला बायकांचा मोबाईल बँकिंग वर्ग : चारशे रुपयांत काय मिळालं, काय राहिलं

आधी कोरडी माहिती. अशोक चौकातनं आत वळलं की एका कॉम्प्युटर क्लासच्या माडीवर हा वर्ग भरतो. वर्गाला वेगळं नाव नाही, बोर्ड क्लासचाच आहे. फक्त बायकांसाठी, महिनाभर, आठवड्यातनं तीन संध्याकाळी साडेसहा ते आठ. फी ४०० रुपये; सासू-सून किंवा मायलेकी जोडीनं आल्या तर दोघींचे मिळून ६००. फोन, पासबुक, आधार आणि एटीएम कार्ड आपलं आणायचं. चहा मिळत नाही. पंखे दोन आहेत, चालतो एक, आणि मी ऑक्टोबरच्या बॅचला होते, तेव्हा समजून घ्या.

मी घरी शाळेचे गणवेश शिवते, नगावर. मालक टॉवेलच्या कारखान्यात आहेत. सासूबाईंनी सगळी उमर बिड्या वळण्यात घातली, आता पेन्शन घेतात. मुलगी बारावीला. म्हणजे घरात पैसा यायच्या वाटा तीन-चार आहेत, सगळ्या बारीक, आणि वर्गाला जायच्या आधी त्या सगळ्या एकाच फोनवर येऊन मिळायच्या, मालकांच्या. माझ्या शिलाईचे पैसे ठेकेदार त्यांच्या नंबरवर टाकायचा. लाडक्या बहिणीचे १५०० माझ्या खात्यात यायचे, पण आले की नाही ते कळायचं त्यांच्या फोनला, कारण माझ्या खात्याला नंबरच त्यांचा जोडलेला. मालक वाईट माणूस नाहीत. मागितले की देतात. पण मागावे लागतात, ही गोष्ट राहतेच की.

निकाल आधीच सांगून टाकते. वर्ग अर्धा उत्तम आहे. तो अर्धा कुठला ते खाली लिहिते.

शिकवायला दोघं आहेत. सर तरुण, हुशार, बोटं भारी चपळ. "सर, हे कुठं दाबायचं?" असं विचारलं की ते "द्या इकडं" म्हणून फोन घेतात, चार ठिकाणी टकटक करतात आणि "झालं बघा" म्हणून परत देतात. झालेलं असतं खरंच. माझ्या शेजारी बसणाऱ्या ताई दर वेळी कौतुकानं फोन परत घ्यायच्या आणि घरी गेल्यावर तेच काम पोराकडनं करून घ्यायच्या. म्हणजे घरात पोरगं फुकट करतं तेच इथं सर फी घेऊन करत होते. त्यांना त्यांचं ज्ञान दाखवायचं नव्हतं, घाई होती एवढंच, पण घाईच्या माणसानं हे शिकवू नये.

मॅडम बँकेतनं निवृत्त झालेल्या. त्या हात पाठीमागं बांधून उभ्या राहतात आणि कुणाच्याच फोनला बोट लावत नाहीत. "वाच. वरच्या ओळीत काय लिहिलंय? आता खाली काय आलं? मग तुला काय वाटतं, कुठं दाबायचं?" मराठीत अडलं तर तेलुगूत सांगतात, आणि आमच्या भागात त्याशिवाय चालत नाही. एका संध्याकाळी एका आजींनी शेजारणीला एक रुपया पाठवायला घेतला. नाव शोधण्यात वेळ, रक्कम लिहिताना १ च्या पुढं शून्य पडलं ते खोडण्यात वेळ, पिन टाकताना पदराआड फोन धरल्यामुळं त्यांचं त्यांनाच दिसेना. आम्ही सगळ्या ताटकळलेल्या, मॅडम जागच्या हलल्या नाहीत. शेवटी शेजारणीचा फोन वाजला. आजींनी इकडं तिकडं बघितलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "आता माझा रुपया परत पाठव बघू." वर्गभर हसू. पण परत आलेला रुपया खात्यावर दिसतोय का हे त्यांनी त्यानंतर आपल्या आपण बघितलं, कुणाला न विचारता.

पहिल्याच दिवशी मॅडमनी फळ्यावर दोन आकडे लिहिले होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ७८.६ टक्के बायकांकडं स्वतः वापरायचं बँक खातं होतं, आणि स्वतः वापरायचा मोबाईल ५४ टक्क्यांकडं. "मधल्या बायकांचं खातं कोण बघत असेल?" एवढंच विचारलं आणि हजेरी घ्यायला लागल्या. आमच्या बॅचमध्ये फोन सगळ्यांकडं होता. पण बँकेत दिलेला नंबर किती जणींचा स्वतःचा, असं विचारल्यावर बरेचसे हात खाली राहिले. माझाही.

इथं वर्गाची पहिली मोठी चूक. यूपीआय चालू करायचं तर बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये लागतं. नंबर बदलायला बँकेत अर्ज द्यावा लागतो, त्याला वेळ लागतो. हे फी घेतानाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, त्यामुळं अर्ध्या बायका पहिला आठवडा दुसरीच्या फोनात डोकावून शिकल्या. एटीएम कार्ड सापडत नसलेल्यांना आधारच्या ओटीपीवर पिन ठेवता येतो, हे मात्र मॅडमनी लगेच करून घेतलं. त्याच दिवसांत लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीची धांदल चालू होती. त्यात नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागायचा, साइट अडकायची. सरांनी वर्ग संपल्यावर थांबून कितीतरी जणींचं करून दिलं, एक पैसा घेतला नाही. त्याला पूर्ण मार्क.

आता खरं काय बदलतं ते.

मला वाटत होतं पैसे पाठवता येणं ही मोठी गोष्ट. ती लहान निघाली. मोठी गोष्ट म्हणजे शिल्लक बघता येणं. आमच्या गल्लीत लाडक्या बहिणीचे पैसे पडले अशी नुसती हूल उठली तरी बायका रिक्षा करून बँकेत जायच्या, रांगेत उभ्या राहायच्या, आणि आले असतील तर सगळे काढून आणायच्या. पंधराशेच्या पंधराशे. मग ते डब्यात, डब्यातनं हातात, हातातनं कुठं ते कळत नाही. यांना बचत करता येत नाही असं लोक म्हणतात, पण ज्याला खात्यात काय आहे ते दिसत नाही तो ते तिथं ठेवणार कशाच्या जिवावर? उद्या कुणी कापले, गेले, तर कळणार कधी? शिल्लक बघायला आल्यावर आमच्यातल्या बऱ्याच जणींनी सगळे काढणं आपल्या आपण थांबवलं. कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला नुसता खेळ चालायचा, उठता बसता शिल्लक बघायची. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरनं दिवसाला ५० वेळाच शिल्लक बघता येते असा नियम आहे. आमच्यातली एक त्या मर्यादेच्या फार लांब नव्हती. पण दिसतंय म्हटल्यावर राहायला लागलं, हे मी डोळ्यांनी बघितलं. माझ्याही खात्यावर महिन्याच्या शेवटी काहीतरी शिल्लक असते, जी आधी नसायची. मिळकत तेवढीच आहे.

दुसरा सोन्यासारखा तास स्टेटमेंटचा. मॅडमनी प्रत्येकीला एप्रिलपासूनचं स्टेटमेंट फोनवर काढायला लावलं, खालच्या दुकानातनं प्रिंट मारून आणायला सांगितलं आणि तीन रंगांचे पेन वाटले. घरखर्चाला हिरवा, हप्ता-देण्याला निळा, आणि "हे काय आहे ते मला माहीत नाही" त्याला लाल. कागद लालेलाल झाले. एकीचे दर महिन्याला कुठल्याशा गाण्याच्या ॲपला पैसे जात होते, नातवानं कधीतरी ऑटोपे चालू केलेलं. अशा कपातीच्या आधी चोवीस तास मेसेज यायला लागतो आणि तो येतोही. इंग्रजी मेसेज कोण वाचतंय? मॅडमनी तिला तिथंच तो रद्द कसा करायचा ते शोधायला लावलं. माझ्या कागदावर एकाच महिन्यात दोन रिचार्ज दिसले, एक माझा आणि एक नणंदेचा. मालकांनी कधी केला ते त्यांनाही आठवेना.

पण सगळ्यात जास्त लाल झालेली ओळ म्हणजे मे अखेरची ४३६ रुपयांची. "बँकेनं खाल्ले," असं चार-पाच जणी एकदमच म्हणाल्या. मॅडम म्हणाल्या, "खाल्ले नाहीत, तुमचा विमा आहे." प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, वर्षाचे ४३६, नाव नोंदवलेल्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर वारसाला दोन लाख. शेजारी २० रुपये कापलेले दिसले तर तो अपघाताचा, सुरक्षा विमा, त्याचेही दोन लाख. खातं उघडताना कुठल्याशा कागदावर सही घेतलेली. इतकी वर्षं हप्ता भरताहेत आणि घरात कुणाला पत्ता नाही. समजा काही झालं असतं तर मागायला तरी कोण गेलं असतं? त्या रात्री बऱ्याच घरांत वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय याची चौकशी झाली असणार. आमच्यात झाली. माझ्या फॉर्मवर माझ्या वडिलांचं नाव निघालं, ते जाऊन आता किती वर्षं झाली. बदलून घेतलं.

हे एवढं एक जरी शिकवलं असतं तरी चारशे रुपये वसूल होते.

खर्चाच्या बाजूनं मात्र फोन वाईट आहे, आणि हे मॅडमही कबूल करतात. रोकड होती तेव्हा पर्समध्ये हात घातल्यावर कळायचं की संपत आले. आता भाजीवाल्याला तीस, भजीवाल्याला वीस, पोरीच्या झेरॉक्सला पंधरा, आणि संध्याकाळी काही आठवत नाही. वर्गातला यावरचा उपाय मला आवडला. यूपीआय लाईट म्हणून एक सोय आहे. त्यात आपण खात्यातनं थोडे पैसे काढून वेगळे ठेवायचे, जास्तीत जास्त पाच हजार. त्यातनं एका वेळी हजारापर्यंत बिनपिनचे जातात. मॅडम म्हणाल्या, आठवड्याचा वरखर्च त्यात टाका आणि आपोआप भरायची सोय बंद ठेवा. संपले की संपले. मी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, तेच केलं. होम मैदानावर आता पाळण्यापासून बांगड्यांपर्यंत बहुतेक ठिकाणी क्यूआर लावलेला, पोरीचं आणि भाच्यांचं "मावशी हे, मावशी ते" चालू. लाईटमध्ये टाकलेले हजार संपल्यावर मी फोन पुढं करून दाखवला, बघा, नाहीत. खात्यात होते, पण ते पोरांना दाखवायचं कशाला.

याची एक खोट आहे, ती मात्र वर्गात कुणी सांगितली नाही. लाईटमधनं कुठं कुठं गेले ते बँकेच्या स्टेटमेंटवर येत नाही, फक्त भरले तेवढी एक ओळ येते. बारीक हिशोब ॲपच्या आतच बघावा लागतो. म्हणजे एका तासाला स्टेटमेंट वाचायला शिकवायचं आणि दुसऱ्या तासाला अर्धा खर्च स्टेटमेंटबाहेर न्यायचा, याचा मेळ कसा घालायचा ते आमचं आम्हाला बसवावं लागलं. मी रविवारी वहीत उतरवून घेते. वही सुटलेली नाही माझी.

पोरीसाठी यूपीआय सर्कल लावून घेतलं. तिचं वेगळं यूपीआय नाही, माझ्या खात्यातनं तिनं पैसे द्यायचे. आधी मी प्रत्येक वेळी माझी परवानगी लागेल असं ठेवलं. ते चाललं नाही. मी मशीनवर, पायाखाली पायडल, कानात मोटरीचा आवाज, आणि ही झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून फोन लावते, "आई, कुठंयस गं? दुकानदार बघायलाय माझ्याकडं!" मग महिन्याची मर्यादा घालून तिला मोकळं सोडलं. त्यात नियमानं कमाल मर्यादा महिन्याला १५ हजार आहे, माझी तिच्या कितीतरी खाली आहे, आणि ती किती ते पोरीला पाठ आहे.

भिशीवरनं माझं आणि सरांचं वाजलं. सर म्हणाले भिशी बंद करा, ॲपवर आरडी (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव) काढा, व्याज मिळेल, बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे. मुद्दा खोटा नाही. भिशीत कुणी बुडवलं तर दाद मागायला जागा नाही. (पतसंस्थेतल्या ठेवीलाही ते पाच लाखांचं संरक्षण नसतं, हे मॅडमनी मागनं सांगितलं. बऱ्याच जणींचे चेहरे उतरले.) मी आरडी काढलीही. पण आरडी दोन बोटांनी निघते आणि दोनच बोटांनी मोडते. रात्री अकराला, एकटीनं, कुणालाही न सांगता. भिशी मोडायची तर बारा जणींच्या तोंडाला तोंड द्यावं लागतं. आमच्या घरात पोरीच्या क्लासची फी भिशीनं भरली, आरडीनं नाही, कारण आरडी तोपर्यंत मोडून गॅसच्या शेगडीत गेली होती. सरांचं अजून लग्न व्हायचंय, त्यांना हे कळेल हळूहळू. आता आमची भिशी अर्धी फोनवर चालते, पैसे यूपीआयनं, स्क्रीनशॉट ग्रुपवर. कुणाचा आला नाही ते सगळ्यांना दिसतं. ज्यांना उशीर होतो त्या याच्यावर नाराज आहेत, भिशी चालवणारी खूश आहे.

सासूबाईंचं स्वतंत्र लिहायला पाहिजे. त्यांना यायचंच नव्हतं, "मला काय करायचंय, मी काय दुकान टाकलालेय?" म्हणत होत्या. दोघींना सहाशे म्हटल्यावर पैसे वाया नको म्हणून आल्या. त्यांना भविष्य निर्वाह निधीची पेन्शन आहे, किमान असते तेवढीच, हजार रुपये; २०१४ पासून तो आकडा हललेला नाही. त्या हजारासाठी वर्षातनं एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. दर वर्षी अंगठ्याचं रडगाणं. आयुष्यभर पान कापून, दोरा ओढून, बोटं घासून घासून रेषाच राहिल्या नाहीत. मशीनवर अंगठा ठेवा, पुसा, पुन्हा ठेवा, दुसरं बोट द्या, उद्या या. पैसे काढायच्या केंद्रावरही तीच तऱ्हा. सासूबाई म्हणायच्या, मी जिवंत आहे हे या अंगठ्याला पटत नाही.

मॅडमनी चेहऱ्यावरनं दाखला द्यायला शिकवलं. जीवन प्रमाणचं ॲप आणि त्याच्या जोडीला आधारचं चेहरा ओळखायचं ॲप, दोन्ही टाकायची, पेन्शनचा नंबर घालायचा आणि कॅमेऱ्यात बघून डोळ्यांची उघडझाप करायची. आम्ही घरीच बसलो करायला. स्वयंपाकघरात उजेड पुरेना, म्हणून दारात खुर्ची टाकली. त्यांनी पदर नीट घेतला, कुंकू बघितलं, जसं काही फोटो स्टुडिओत आल्या. मी म्हणाले, "आत्या, डोळे मिटा आणि उघडा." त्यांनी मिटले ते मिटलेच, हातही जोडले. "उघडा की आत्या!" मग उघडले तर इतके मोठे की ॲपलाही घाबरायला झालं असेल. असं दोन-चारदा झाल्यावर हिरवं वर्तुळ पूर्ण झालं आणि दाखल्याचा नंबर आला. सासूबाईंचा विश्वास बसेना. "एवढंच? कुणाची सही नाही?" पुढं हा दाखला दिल्या तारखेपासनं वर्षभर चालतो, नोव्हेंबरातच द्यायला पाहिजे असं या पेन्शनला नाही, हेही वर्गातच कळलं. नाहीतर सगळा पूर्व भाग एकाच महिन्यात रांगेत.

आता त्या शेजारच्या म्हाताऱ्यांचे दाखले काढून देतात. म्हणजे मी काढते, त्या खुर्ची लावतात आणि "डोळे उघड गं" म्हणून ओरडतात.

घरातल्या मोठ्या बदलाबद्दल लिहायचं टाळता येत नाही. नंबर बदलून आल्यावर शिलाईचे पैसे माझ्या खात्यात यायला लागले. मालक काही बोलले नाहीत, पण आठवडाभर जेवणात मीठ कमी-जास्त निघायला लागलं. मग एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "किती आहेत तुझ्या खात्यावर?" मी खरा आकडा सांगितला. हल्ली थोडा कमी सांगते. हे चांगलं की वाईट ते मला ठरवायचं नाही, मी इतकी वर्षं त्यांच्या खात्यावरचा आकडा विचारलाही नव्हता.

पण एक गोष्ट वर्गाच्या जाहिरातीत लिहीत नाहीत. ज्या बाईला येतं, तिच्या गळ्यात सगळं पडतं. लाईट बिल, गॅस, रिचार्ज, पोरीचा परीक्षेचा फॉर्म, दिराच्या गाडीचा विमा, सगळं आता "तुला येतंय की". महावितरणचं बिल ऑनलाइन भरलं की पाव टक्का सूट मिळते, हजाराला अडीच रुपये; ती सूट मालकांनी मोठ्या कौतुकानं मला ऐकवली, जणू पगारच ठरवला. आधी बिलंही त्यांची आणि पैसेही त्यांचे होते. आता बिलं सगळी माझी झाली, पैसे अजून निम्मेच आलेत. शेजारणी हातात रोकड ठेवून "माझं पण भर" म्हणतात, मग माझ्या स्टेटमेंटवर चार घरांचे गॅस. मॅडमचे तीन पेन याला पुरत नाहीत.

फसवणुकीचा भाग चांगला आहे. प्रत्येक तासाच्या सुरुवातीला हजेरीला "हजर" म्हणायचं नाही, "पैसे घ्यायला पिन लागत नाही" म्हणायचं. पहिल्यांदा हसू आलं. शेवटी शेवटी बायका झोपेतही म्हणाल्या असत्या. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर सगळ्यांच्या फोनात नावानं साठवून घेतला. माणसामाणसांत पैसे मागायची विनंती पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालीय, तरी नुसता फोन करून गोड बोलणारे आहेतच, त्यांचं नाटक सर फार छान करून दाखवतात. ते त्यांनीच शिकवावं.

राहिलं ते कर्ज. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकीच्या मागं गटाचा हप्ता आहे, काहींच्या मागं दोन-तीन गटांचे. फोन हातात आला की कर्जाच्या जाहिराती येणारच, पाच मिनिटांत दहा हजार. यावर एक तास नाही, अर्धा नाही. मी मॅडमना बाजूला घेऊन विचारलं तेव्हा त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं: कर्ज देणाऱ्यानं सगळे खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो त्याचा कागद आधी द्यायचा असतो, पैसे थेट आपल्याच खात्यात यायला पाहिजेत, मधल्या कुणाच्या नाही. छोट्या गटाच्या कर्जात घराच्या महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून जास्त हप्ते होता कामा नयेत असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. आणि आपला सिबिलचा अहवाल, म्हणजे आपण कर्जं कशी फेडली त्याची नोंद, वर्षातनं एकदा फुकट काढता येतो. हे फळ्यावर लिहायच्या गोष्टी आहेत, जिन्यात सांगायच्या नाहीत. "वेळ पुरत नाही गं," त्या म्हणाल्या. सरांचे दोन तास कमी करा, पुरेल.

बारीकसारीक: नळाला पाणी यायच्या दिवशी वर्गात निम्म्या बायका नसतात, आणि सुटलेला तास परत घेत नाहीत. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात याचा विचार करायला हवा. सगळं एकाच ॲपवर शिकवतात, दुसरं ॲप उघडलं की बटणं दुसरीकडं आणि बायका पुन्हा शून्यावर. छापील कागद फक्त मराठीत. बोलताना तेलुगू येतं, वाचायला मिळत नाही.

पाचातले साडेतीन. मॅडम एकट्या असत्या तर साडेचार.

पुढची बॅच मार्चच्या सुरुवातीला आहे म्हणे. शिलाईवाल्या बायांनो, तीच धरा, एप्रिलपासून गणवेशाचा सीझन लागला की जून संपेपर्यंत मान वर करायला मिळत नाही. पुढं बसा, मॅडमच्या बाजूला. सर फोन मागायला लागले तर "तुम्ही सांगा, मी दाबते" म्हणा. ते रागावत नाहीत. आणि बँकेतला नंबर स्वतःचा नसेल तर तो बदलायचा अर्ज आजच देऊन या. फी एकदा भरली की परत देत नाहीत.